तीस टक्क्यांच्या दाखल्याविषयी भाचीला पत्र

चि. भाचीस,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. संस्थेत रुजू होऊन तुला जेमतेम दोन महिने झाले आणि हाती घेतलेला पहिलाच अर्ज फेटाळला गेला, याचा संताप तुझ्या अक्षरातही उतरला आहे. एका डोळ्याने काहीच न दिसणाऱ्या त्या पन्नाशीच्या शेतमजुराला जिल्हा रुग्णालयाने 30 टक्के दिव्यांगत्वाचा दाखला दिला, त्या दाखल्यामुळे संजय गांधी निराधार अनुदान योजनेच्या अर्जावर 'अपात्र' असा शेरा पडला, आणि डॉक्टरांनी मुद्दाम टक्के कमी लावल्याचा बोभाटा गावभर झाला, असे तू लिहितेस. रुग्णालयांतील समाजसेवा अधीक्षकाच्या नोकरीत असे अनेक दाखले माझ्या नजरेखालून गेले आहेत, म्हणून तुला न आवडणारी गोष्ट आधी सांगून टाकतो. डोळ्यापुरता तो आकडा बरोबर आहे. एक डोळा पूर्ण गेलेला आणि दुसऱ्या डोळ्याची दृष्टी चष्म्यासह 6/18 किंवा त्याहून बरी असेल, तर केंद्र सरकारच्या मूल्यमापन सूचनांतील तक्ता 30 टक्केच देतो. नेत्रतज्ज्ञाच्या दयामायेला तिथे जागा ठेवलेली नाही.

तुझ्या पत्रात 'निकाल' हा शब्द चार वेळा एकवचनी आला आहे, आणि गोंधळाची सुरुवात तिथेच होते. या कामात निकाल दोन असतात आणि ते दोन वेगळ्या टेबलांवर लागतात. रुग्णालयातील दाखला देणाऱ्या डॉक्टरांच्या मंडळाला विचारलेला प्रश्न एवढाच असतो की, या शरीराची किंवा मनाची कोणती क्षमता कायमची उणावली आहे आणि किती. तहसील कार्यालयातील संजय गांधी शाखेपुढचा प्रश्न निराळा असतो: टक्का 40 किंवा अधिक आहे काय, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न मर्यादेत आहे काय, माणूस किमान 15 वर्षे महाराष्ट्राचा रहिवासी आहे काय, वय 65 च्या आत आहे काय. डॉक्टरांपुढे गरिबीची कहाणी सांगून टक्के वाढत नाहीत आणि तहसीलदारांपुढे वेदनेचे वर्णन करून उत्पन्नाची अट शिथिल होत नाही. लोक मात्र दोन्ही ठिकाणी एकच कहाणी सांगतात, आणि ती खरी असूनही ऐकली गेली नाही म्हणून दुखावले जातात.

टक्का ठरतो कसा, हे तू एकदा शांतपणे शिकून घे, कारण उरलेली बहुतेक भांडणे त्या अज्ञानातून होतात. 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. 19 एप्रिल 2017 पासून लागू झालेल्या 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात ते 21 झाले, आणि थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल यांसारखे रक्ताचे आजार, पार्किन्सन, विशिष्ट अध्ययन अक्षमता, ॲसिड हल्ल्याने आलेले व्यंग हे सगळे त्यात आले. प्रत्येक प्रकार कसा मोजायचा, याच्या सूचना जानेवारी 2018 मध्ये राजपत्रात आल्या आणि मार्च 2024 मध्ये त्या सुधारण्यात आल्या. या सूचनांमागचा विचार असा की आजाराच्या नावाला टक्के नसतात. उपचार पुरेसे होऊन गेल्यावर जे व्यंग मागे उरते, त्याला असतात. म्हणून अपघातानंतर दुसऱ्याच महिन्यात प्लास्टरसकट माणूस घेऊन गेलीस, तर मंडळ परत पाठवील किंवा मुदतीचा दाखला देऊन पुनर्तपासणीची तारीख घालील, आणि त्यात मंडळाचे काही चुकले असे मी म्हणणार नाही.

हे तक्ते सामान्य समजुतीला अनेकदा धक्का देतात. कडबाकुट्टीत हात जाण्याचे प्रकार तुझ्या तालुक्यात तुला दिसतीलच. मनगटातून पंजा गेला, तर तक्ता 60 टक्के धरतो. अंगठा मुळापासून गेला, तर 30. ज्याच्या अंगठ्यावर विळ्याची मूठ टिकते त्याला तीस आणि साठ यांतला हा फरक कधीच पटत नाही, आणि खरे सांगायचे तर मलाही तो पूर्ण पटलेला नाही. पण माणूस कोणते काम करतो हे त्या तक्त्यात विचारलेलेच नाही. कानाचे गणित आणखी चकवणारे आहे. दोन्ही कानांची ऐकण्याची उणीव वेगवेगळी काढतात, चांगल्या कानाच्या टक्क्यांना पाचाने गुणतात, त्यात वाईट कानाचे टक्के मिळवतात आणि बेरजेला सहाने भागतात. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका मुलाच्या वडिलांना मी छातीठोकपणे सांगितले होते की, पोराचा एक कान ठार बहिरा आहे तेव्हा चाळीस टक्के कुठे जात नाहीत. दुसरा कान उत्तम होता. शून्याला पाचाने गुणून त्यात शंभर मिळवले आणि सहाने भागले, तेव्हा जेमतेम 17 टक्के आले. एस.टी.च्या तिकिटासाठी त्यांनी उसने पैसे घेतले होते. त्या दिवसापासून तक्ता उघडून पाहिल्याशिवाय मी कोणालाही आकडा सांगितला नाही, आणि तूही सांगू नकोस.

मानसिक आजार आणि बौद्धिक अक्षमता या दोन ठिकाणी मात्र तुझ्यासारख्या कार्यकर्तीचे काम खऱ्या अर्थाने सुरू होते, कारण तिथे मोजपट्टी शरीरावर लागत नाही. मानसिक आजारासाठी भारतीय मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने तयार केलेली एक मापनश्रेणी वापरतात. तिच्यात स्वतःची निगा, इतरांशी संबंध, संवाद व आकलन आणि कामधंदा या चार बाबींना गुण देतात आणि आजार किती काळ आहे याचे गुण त्यांत मिळवतात. गुण जितके जास्त, तितकी अक्षमता अधिक. आता होते काय, की तपासणीच्या दिवशी आई पहाटे उठून लेकाला न्हाऊ घालते, इस्त्रीचा सदरा घालते, भांग पाडते, आणि डॉक्टरांनी 'स्वतःचे स्वतः करतो का?' असे विचारले की चारचौघांत लेकाची लाज नको म्हणून 'हो, सगळे करतो' असे सांगते. मंडळाला मिळालेला तो दहा मिनिटांचा देखावा असतो. तू त्या आईबरोबर आधी घरी बस. आंघोळीला किती वेळा सांगावे लागते, दुकानातून सुटे पैसे बरोबर आणतो का, शेवटची मजुरी कोणत्या वर्षी केली, रात्री कोणाला जागे राहावे लागते, हे तिच्याच शब्दांत एका पानावर लिहून काढ आणि औषधांच्या जुन्या चिठ्ठ्यांसह ते पान सोबत दे. डॉक्टर ते वाचतात. गर्दीच्या दिवशीही वाचतात, कारण त्यांनाही कागदावर आधार हवाच असतो.

याच्या उलट टोकाचे लोकही तुला भेटतील. रुग्णालयाच्या फाटकाशीच भेटतील. 'अजिबात ऐकू येत नाही म्हणून सांगा, पन्नास लावून देतो' असे म्हणणारा दलाल माझ्या काळी होता आणि आजही असेल. कानाच्या बाबतीत शंका आली की बेरा चाचणी करतात. मेंदूपर्यंत आवाज पोहोचतो की नाही हे यंत्र परस्पर नोंदवते, माणसाच्या हो-नाहीवर ते अवलंबून नसते. फसवणुकीने लाभ घेतला किंवा घेण्याचा प्रयत्न केला, तर 2016 च्या कायद्याच्या कलम 91 प्रमाणे दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. तरीही शिक्षेपेक्षा मला दुसरी गोष्ट अधिक टोचते: एक खोटा बहिरा सापडला की पुढच्या दहा खऱ्यांकडे डॉक्टर संशयाने पाहू लागतात.

तहसीलच्या टेबलाविषयी थोडक्यात लिहितो, कारण तिथे समजून घेण्यासारखे कमी आणि सांभाळण्यासारखे जास्त आहे. संजय गांधी योजनेत इतर लाभार्थ्यांसाठी कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा वार्षिक 21,000 रुपये असली, तरी दिव्यांगांसाठी ती 50,000 आहे; हे अर्जदाराला तर नाहीच, कधी कधी दाखला काढून देणाऱ्यालाही ठाऊक नसते. दिव्यांगांचे मासिक अनुदान दीड हजारांवरून अडीच हजार करण्याचा निर्णय 2025 मध्ये झाला. केंद्राची इंदिरा गांधी दिव्यांग निवृत्तिवेतन योजना वेगळी आहे. तिला 80 टक्के आणि दारिद्र्यरेषेखालील नोंद लागते, आणि केंद्राचा वाटा महिना 300 रुपयेच आहे. आधार, शिधापत्रिका, बँक पासबुक आणि दिव्यांग दाखला या चारही कागदांवर नावाचे स्पेलिंग सारखे आहे का, ते अर्ज करण्यापूर्वी पाहा, आणि अनुदान सुरू झाल्यावर दर वर्षीचा हयातीचा दाखला चुकू देऊ नकोस. मंजूर झालेले पैसे मध्येच थांबण्याची कारणे बहुधा याच दोन ठिकाणी सापडतात.

आता तुझ्या शेतमजुराकडे येतो. 30 टक्क्यांचा दाखला रद्दी समजून टाकून देऊ नकोस. दाखला 40 च्या खालीही मिळतो, आणि काही हक्क त्या रेषेवर अवलंबून नाहीत. स्पर्धा परीक्षेत लेखनिक मागणाऱ्या एका उमेदवाराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2021 मध्ये सांगितले आहे की, वाजवी सोयी मिळण्यासाठी 40 टक्क्यांची अट लावता येत नाही. शेतमजुराला आज त्याचा उपयोग नाही, हे मला कळते; पण तुझ्याकडे उद्या एखादा विद्यार्थी येईल.

कलम 59 प्रमाणे दाखल्याविरुद्ध अपील करता येते आणि तू ते करायला निघाली आहेस. थोडी थांब. डोळ्याच्या आकड्याविरुद्ध अपील केलेस तर हरशील, कारण वरच्या मंडळापुढेही तोच तक्ता असेल. तुझ्या पत्राच्या तिसऱ्या पानावर, घराचे वर्णन करताना, 'उजव्या पायाने जरा लंगडत ते दारापर्यंत सोडायला आले' असे अर्धे वाक्य आहे. त्या पायाची तपासणी झाली का? तू पाठवलेल्या दाखल्याच्या प्रतीवर फक्त दृष्टिदोषाची नोंद आहे, म्हणजे स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भरताना कोणीतरी एकच प्रकार निवडला आणि अस्थिरोगतज्ज्ञांकडे त्याला पाठवलेच नाही, असे मला दिसते. एकाहून अधिक व्यंगे असली की त्यांची सरळ बेरीज करत नाहीत. मोठा आकडा तसाच ठेवतात, 90 मधून तो वजा करतात, उरलेल्या संख्येने लहान आकड्याला गुणून 90 ने भागतात, आणि आलेले उत्तर मोठ्या आकड्यात मिळवतात. डोळ्याचे 30 आहेत, म्हणजे 90 वजा 30, साठ उरले. पायाचे 15 भरले, तर पंधरा गुणिले साठ भागिले नव्वद, दहा. एकूण बरोबर 40. वीस भरले, तर त्रेचाळीसच्या थोडे वर. पायाचे किती भरतील ते हाडांचे डॉक्टर मोजून ठरवतील, त्याविषयी त्याला आधी काहीही कबूल करू नकोस.

पाय कशाने अधू झाला, कोणत्या साली, कुठे उपचार घेतले, क्ष-किरण फोटो घरात शिल्लक आहेत का, हे त्याच्या बायकोला विचार. पुरुष माणसे असले कागद कुठे ठेवले ते सांगू शकत नाहीत. मंडळ तुमच्या जिल्ह्यात कोणत्या वारी बसते ते चौकशी करून त्याच्या आदल्या दिवशी मला फोन कर, आणि अर्जात या वेळी दोन्ही प्रकारांवर खूण झाली आहे ना, ते पाठवण्यापूर्वी मला वाचून दाखव.

तुझा,
मामा