बरसीमची वाळलेली वैरण गाईला द्यावी का? काही गंजी आतून पांढरी पडली आहे.

बरसीम म्हणजे घासासारखं द्विदल चाऱ्याचं पीक. ते वाळलेलं असेल तर खुशाल द्या. पोट फुगायची भीती जास्त असते ती ओल्या, कोवळ्या, दव पडलेल्या बरसीमनं. वाळल्यावर ती बरीच कमी होते. तरी पहिल्या दिवशीच गव्हाण भरू नका. आमच्याकडं करवीर भागात उसाचं वाडं मुबलक, त्यामुळं मी आधी वाडं किंवा कडब्याची कुट्टी टाकतो आणि मग त्यावर बरसीम, आठवडाभरात हळूहळू वाढवत. वाड्यातला ऑक्झॅलेट हा घटक कॅल्शियम अडवतो, अंगी लागू देत नाही, आणि बरसीममध्ये कॅल्शियम भरपूर, म्हणून ही जोडी मला आवडते.

पांढरी पडलेली, म्हणजे बुरशी आलेली गंजी मात्र नको. पेंढी फोडून हात आत घाला. गरम, दमट लागली, कुबट वास आला किंवा झटकल्यावर धूर उडाल्यासारखी भुकटी उडाली, तर ती सरळ उकिरड्यावर. वरचं झाडून खालचं घालायचा मोह गाभण गाईच्या बाबतीत तरी करू नका, गाभ जाऊ शकतो.

वैरण बरसीमची नसून मेलिलोटस म्हणजे स्वीट क्लोव्हर या तशाच द्विदल चाऱ्याची असेल तर बुरशी आणखी घातक. त्यातल्या कूमारिन या घटकाचं बुरशीमुळं डायकूमारॉल हे विष होतं आणि रक्त गोठत नाही. 1920 च्या दशकात उत्तर अमेरिकेत अशी पुष्कळ गुरं रक्तस्रावानं मेली.

वाळवणासाठी मार्चमधली कापणी धरा, वळवाच्या आधी. डावी कूस ढोलासारखी फुगली तर वाट न बघता डॉक्टर बोलवा.