परदेशातून साइट उघडत नाही: अडवणं कुठे रास्त, कुठे नाही

ताई, तुमचा भाऊ दुबईहून खानापूरच्या शेताचा उतारा बघायला जातो तेव्हा पान नुसतं फिरत राहतं आणि तुम्ही घरून उघडलं की लगेच दिसतं. म्हणजे साइट चालू आहे. बहुधा भारताबाहेरून येणाऱ्यांना ती दारातच अडवते. ‘आपल्याच जमिनीचा कागद आपल्याला का दिसू नये?’ हा तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे.

अडवणाऱ्यांची बाजूही मला ठाऊक आहे. बेळगावातल्या एका सोसायटीचा सर्व्हर मी काही वर्षं सांभाळला. रात्रभर परदेशी आयपी पत्त्यांवरून (म्हणजे इंटरनेटवरच्या जोडणीच्या क्रमांकांवरून) पासवर्ड चाचपले जायचे. शेवटी वैतागून भारत सोडून सगळे देश बंद केले. थोडे दिवस शांतता होती, मग तेच प्रयत्न भारतातल्या भाड्याच्या सर्व्हरवरून सुरू झाले. अडकले कोण, तर कतार-मस्कतला कामाला गेलेले आमचे सभासद. त्यांना फक्त पासबुक बघायचं होतं. पुढे मी देशबंदी काढली, चुकीचा पासवर्ड वारंवार टाकणाऱ्यालाच रोखलं आणि ओटीपी लावला. हे आधीच करायला हवं होतं.

आयपीवरून माणूस कुठला ते कळत नाही. त्याचं नेट कुठून येतंय याचा अंदाज तेवढा येतो. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या शिनोळीजवळ आपला फोन कधी इकडचा टॉवर धरतो, कधी तिकडचा. म्हणून आपलं गाव बदलतं का?

सगळीच बंदी मात्र चुकीची म्हणणार नाही. क्रिकेटचे प्रक्षेपण हक्क देशागणिक विकले जातात, तिथे कंपनी करारानं बांधलेली असते. कायद्याची भीतीही खरी असते. मे २०१८मध्ये युरोपात जीडीपीआर हा लोकांची खासगी माहिती जपण्याचा कायदा लागू झाला, तेव्हा लॉस एंजेलिस टाइम्ससारख्या अमेरिकी दैनिकांनी युरोपातल्या वाचकांना साइटच बंद केली. दंड टळला, पण तिथल्या वाचकाची बातमी गेली. त्याच वर्षी डिसेंबरपासून युरोपीय संघानं आपल्या देशांतल्या ऑनलाइन दुकानांना गिऱ्हाइकाचा देश बघून विनाकारण अडवायला मनाई केली. चित्रपट-मालिका मात्र त्यातून वगळल्या.

सरकारी नोंदींना असा कुठलाच हक्क-करार आड येत नाही. हल्ला चालू असताना तात्पुरतं बंद करणं मी समजू शकतो, कायमचं नाही. आणि अडवलंच तर तसं पानावर लिहावं. माणूस तासभर स्वतःचं नेट तपासत बसतो, त्याचा मला फार राग येतो.

भावाला सांगा, फुकटच्या व्हीपीएनवरून (नेट दुसऱ्या देशातून येतंय असं दाखवणाऱ्या अॅपवरून) आधार किंवा ओटीपी टाकू नकोस. सर्व्हे नंबर तुम्हाला पाठवू दे. तुम्ही घरून उतारा काढून व्हॉट्सअॅपवर टाका. सहीशिक्क्याचा हवा असेल तर तालुक्याच्या भूमी केंद्रातून, म्हणजे कर्नाटक सरकारच्या जमीन-नोंदींच्या केंद्रातून घ्या.