गृहकर्ज लवकर फेडायचंय, पण घरात त्यावरून रोज कुरबूर होते. काय करावं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. कोल्हापूरजवळ पाचगावात रो-बंगला, २५ लाखांचं कर्ज, व्याज ८.५ टक्के, मुदत २० वर्षं, त्यातली २ झाली. हप्ता २१,६९६. कापून हातात येणारा पगार ५८ हजार, वहिनी घरी शिकवण्या घेतात. मुलगी चौथीत, मुलगा बालवाडीत, आई-वडील गावाकडे. तुम्हाला आठ-दहा वर्षांत मोकळं व्हायचंय म्हणून दर महिन्याला १० हजार जादा भरायचं तुम्ही ठरवलंय, आणि वहिनी नको म्हणतायत.

आधीच सांगते, मी वहिनींच्या बाजूची आहे. कर्ज लवकर फेडू नका असं माझं म्हणणं नाही. आमचंही मुदतीच्या बरंच आधी फिटलं. हे शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत आहेत आणि घरचा जमाखर्च माझ्याकडे असतो, म्हणून लिहायचं धाडस करते. ५८ हजारांतून हप्ता गेला की ३६ हजार उरतात. त्यातून आणखी १० गेले तर चौघांचा महिना २६ हजारांत काढायचा, वर गावाकडे औषधपाण्याला काही द्यायचं. पहिले दोन महिने जमेल. तिसऱ्या महिन्यात कुणाचं तरी लग्न निघेल, आहेर आला, गाडीचं टायर गेलं, की क्रेडिट कार्ड बाहेर. साडेआठ टक्क्यांचं कर्ज फेडायला वर्षाला तीस-चाळीस टक्के व्याजाचं कार्ड घासायचं, हा कुठला हिशेब? रविवारचा तांबडा-पांढरा बंद करून कोल्हापुरात कुणाचं कर्ज फिटल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

तुमची घाई कशातून आली असेल ते मात्र कळतं. बँकेचा उतारा काढून बघितला असणार. नसेल तर काढा आणि वहिनींना शेजारी बसवून वाचा. पहिल्या महिन्याच्या ओळीत २१,६९६ पैकी १७,७०८ व्याजाच्या रकान्यात दिसतील आणि ३,९८८ मुद्दलाच्या. २ वर्षांत तुम्ही ५ लाख २० हजार भरलेत आणि मुद्दल उतरलंय १ लाख ४ हजारांनी. हे बघून कुणाच्याही पोटात गोळा येतो. बँक फसवत नाहीये, शिल्लक मुद्दलावर व्याज लागतं आणि सुरुवातीला मुद्दलच मोठं असतं, एवढंच. म्हणून तर सुरुवातीला भरलेली जादा रक्कम जास्त काम करते. आज १ लाख जादा भरलेत तर शेवटचे सुमारे २० हप्ते गळतात आणि साधारण ३ लाख ३० हजारांचं व्याज वाचतं. तोच लाख पंधराव्या वर्षाच्या शेवटी भरलात तर ७ हप्ते गळतील, पन्नासेक हजार वाचतील. (दोन्ही वेळा वाचतं साडेआठ टक्क्यांनीच, पहिल्या वेळी पैशाला काम करायला वर्षं जास्त मिळतात. "सुरुवातीला भरलं नाही तर उपयोगच नाही" असं कुणी सांगितलं तर घाबरू नका.)

आता खिशातला एक रुपयाही न काढता होणारं काम. तुम्ही ८.५ टक्के लिहिलंय, तो दर २ वर्षांपूर्वीचा आहे की आजचा? २०२५ या एका वर्षात रिझर्व्ह बँकेने रेपो दर (ज्या दराने ती बँकांना पैसे देते तो) ६.५ वरून ५.२५ वर आणला. तुमचं कर्ज रेपोला जोडलेलं असेल तर बँकेला किमान तीन महिन्यांतून एकदा दर बदलावाच लागतो, म्हणजे तुमचा दर एव्हाना खाली यायला हवा होता. तो आला नसेल तर कर्ज एमसीएलआरवर, म्हणजे बँक स्वतःच्या खर्चावरून ठरवते त्या दरावर असेल किंवा गृहवित्त कंपनीच्या स्वतःच्या दरावर असेल. शाखेत जाऊन लेखी अर्ज द्या की नव्या ग्राहकांना जो दर देता त्यावर मला घ्या. त्यासाठी थोडी फी घेतात, ती बहुतेक वेळा लवकर वसूल होते. आणि दर उतरल्यावर हप्ता उतरवून घेऊ नका. तुमचं शिल्लक २३ लाख ९६ हजार धरा, दर ७.५ झाला आणि हप्ता २१,६९६ च ठेवला, तर उरलेले २१६ हप्ते १८८ वर येतात. २८ महिने कमी, आणि घरातल्या कुणाच्या ताटातला घासही कमी न करता. वहिनी याला कशाला नको म्हणतील?

उलटंही होतं, तेही माहीत असू द्या. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये रेपो ४ वरून ६.५ वर गेला. हप्ता तोच ठेवून बँका गुपचूप मुदत वाढवतात. २५ लाख, २० वर्षं, ७ टक्के असं नवं कर्ज ८.५ वर गेलं आणि हप्ता हलला नाही, तर मुदत जवळपास २९ वर्षं होते. ऑगस्ट २०२३ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे ग्राहकाला निवडू द्यायचं. पण विचारल्याशिवाय कोण सांगतंय! वर्षातून एकदा उतारा काढून शेवटच्या हप्त्याची तारीख बघायची, बस्स.

मग जादा भरायचं कशातून? माझं म्हणणं एकच, महिन्याच्या पगाराला हात लावायचा नाही. वर्षातून एकदा-दोनदा जे अचानक येतं त्यातला ठरलेला वाटा कर्जात. बोनस, थकबाकी, इन्क्रीमेंटचा फरक, भिशीचा नंबर. आमच्यात बोनसचं निम्मं बँकेत आणि निम्मं घरात, असा करार होता. घरातल्या निम्म्यात दिवाळीचे कपडे, मुलांची सायकल, जे काय असेल ते. त्यावर यांनी बोलायचं नाही आणि बँकेतल्या निम्म्यावर मी बोलायचं नाही. तुम्ही वर्षाअखेरीला फक्त एक हप्ता जादा भरत गेलात, तरी ८.५ टक्क्यांनीसुद्धा २१६ च्या जागी १८३ हप्त्यांत काम होतं, चारेक लाखांचं व्याज वाचतं. दर उतरला असेल तर आणखी आधी. आठ-दहा वर्षांत नाही व्हायचं, खरंय. मुलगा कॉलेजात जाईपर्यंत बरंच हलकं झालेलं असेल, तेवढं पुरे नाही का?

गावाकडच्या पैशाबद्दल तुम्ही सहज लिहून गेलात, की वडिलांचं उसाचं बिल आणि दिवाळीला गोकुळ दूध संघाचा दूधफरक येतो तोही वळवता येईल. तो पैसा आई-वडिलांचा आहे. पहाटे उठून धार तुम्ही काढत नाही. त्यांनी स्वतःहून दिला तर डोक्याला लावून घ्या, पण तुमच्या गणितात तो धरू नका. आमच्या सासऱ्यांनी एकदा बिलातले पैसे दिले ते नातवाच्या नावाने, आणि वर म्हणाले, बँकेत घाला. त्यांनीच सांगितल्यावर प्रश्नच मिटला.

जादा भरायच्या आधी दोन गोष्टी झालेल्या हव्यात. सहा महिन्यांचा घरखर्च आणि तेवढेच हप्ते बाजूला, बचत खात्यात किंवा मोडता येईल अशा ठेवीत. पुस्तकी सल्ला वाटेल, पण ऑगस्ट २०१९ च्या पुरात शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली होता, कित्येक दिवस गाड्या अडकल्या होत्या, गावात पेट्रोल मिळत नव्हतं. कारखान्यात माल येईना, जाईना. ओव्हरटाइम गेला, पगार पुढे गेला, हप्त्याची तारीख काही पुढे गेली नाही. पुढच्या वर्षी कोरोनात हप्ते थांबवायची सवलत मिळाली, पण व्याज चालूच राहिलं. २०२१ ला परत पूर. कर्जात भरलेला पैसा अशा वेळी परत मागता येत नाही, बाजूला ठेवलेला हाताशी असतो. दुसरी गोष्ट म्हणजे कर्जाएवढा तरी तुमच्या नावावर टर्म विमा, म्हणजे तुमचं काही बरंवाईट झालं तर घरच्यांना रक्कम मिळते तो. वहिनींच्या शिकवण्यांवर २१,६९६ चा हप्ता निघणार आहे का?

पतसंस्थेचं किंवा कंपनीच्या सोसायटीचं बारा-चौदा टक्क्यांचं काही कर्ज असेल तर आधी ते संपवा. गृहकर्ज हे घरातलं सगळ्यात स्वस्त कर्ज असतं, त्याचा नंबर शेवटी. पीएफ मोडू नका, त्यावर २०२३-२४ आणि २०२४-२५ ला ८.२५ टक्के मिळालेत. मुलीच्या सुकन्या खात्यावर ८.२ टक्के, तेही करमुक्त, ते चालू असेल तर चालूच ठेवा. एसआयपीवाले सांगतील की कर्ज फेडू नका, शेअर बाजारात जास्त मिळतं. मिळतही असेल. एका पगारावर चालणाऱ्या घरात खात्रीचे साडेआठ टक्के मला जास्त पटतात, ज्याला पटत नाहीत त्याने निम्मं-निम्मं करावं. आणि करात सवलत मिळते म्हणून कर्ज ठेवायचं म्हणाल, तर आधी बघा तुम्ही कोणत्या कर प्रणालीत आहात. नव्या प्रणालीत स्वतः राहत्या घराच्या व्याजाची २ लाखांची वजावट मिळतच नाही.

बँकेत प्रत्यक्ष भरायला जाल तेव्हा काउंटरवर एक फॉर्म देतात. त्यात हप्ता कमी करायचा की मुदत, अशी खूण करायची जागा असते. मुदतीवर खूण करा आणि नवा परतफेड तक्ता हातात घेतल्याशिवाय उठू नका. नुसते पैसे खात्यात टाकून आलात तर ते पुढच्या हप्त्यांपोटी जमा होऊन बसतात, मुद्दलातून वजा होत नाहीत, असंही होतं. बदलत्या दराच्या गृहकर्जावर बँका २०१२ पासून मुदतीआधी फेडीचा दंड घेऊ शकत नाहीत, त्यामुळे कुणी दोन टक्के मागितले तर कर्जाचा करार दाखवायला सांगा. स्थिर दराचं असेल किंवा पतसंस्थेचं असेल तर गोष्ट वेगळी, तिथे कागद वाचूनच पाऊल टाका.

महिन्याच्या भांडणाचं मूळ बऱ्याचदा वर्षातून एकदा येणाऱ्या खर्चात असतं. जूनची फी आणि वह्या-पुस्तकं, घरफाळा, गाडीचा विमा, जोतिबाची यात्रा, दिवाळी. हे सगळं एका कागदावर लिहा, बाराने भागा, तेवढ्याची आरडी (दरमहा भरायची ठेव) लावा. हे काम वहिनींना करू दे, आकडा त्यांचा खरा निघेल. तो बाजूला गेल्यावर जे उरेल त्यातून हप्ता हजार-दोन हजारांनी वाढवता येत असेल तर दरवर्षी पगारवाढीच्या महिन्यात वाढवा. किती, ते वहिनींनीच सांगावं.

शेवटचा हप्ता भराल त्या दिवसाचं एक सांगून ठेवते, कारण लोक पेढे वाटतात आणि कागद विसरतात. पूर्ण फेड झाली की ३० दिवसांत मूळ खरेदीखत आणि बाकीचे कागद बँकेने परत द्यायचे, तिच्यामुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई, हा नियम डिसेंबर २०२३ पासून आहे. बेबाकीचा दाखला घ्या, सीबिलमध्ये, म्हणजे तुमच्या कर्जांची नोंद असते त्या अहवालात, खातं बंद दिसतंय का बघा. आणि तुमच्या सातबाऱ्यावर किंवा प्रॉपर्टी कार्डावर बँकेचा बोजा चढला असेल, तर दाखला घेऊन तलाठी किंवा सिटी सर्व्हे ऑफिसात अर्ज करून तो उतरवून घ्या. तो आपोआप उतरत नाही.