टीव्हीवर मोडणारी मराठी सबटायटल्स आणि मागे पडत जाणाऱ्या ओळी

आपल्या प्रश्नाचा सारांश असा : वडिलांच्या हौशी नाट्यमंडळाने नव्वदच्या दशकात केलेल्या एका प्रयोगाची व्हीएचएस कॅसेट आपण संगणकात उतरवून घेतली आहे. मराठी सबटायटल्स एका परिचितांनी संहितेवरून तयार करून दिली. लॅपटॉपवर व्हीएलसी या व्हिडिओ-प्लेअरमध्ये अक्षरे नीट दिसतात. पण तीच फाइल पेनड्राइव्हवरून टीव्हीला लावली की वेलांट्या भलत्याच जागी जातात आणि जोडाक्षरे फुटतात. शिवाय सुरुवातीला अचूक जुळणाऱ्या ओळी तासाभरात सुमारे अडीच मिनिटे मागे पडतात. परदेशातील नातवंडांसाठी इंग्रजी सबटायटल्सही हवी आहेत.

ही दोन दुखणी एकाच फाइलमध्ये दिसत असली तरी त्यांचा एकमेकांशी संबंध नाही. मागे पडणे हा वेळेच्या हिशेबाचा प्रश्न आहे आणि अक्षरे मोडणे हा टीव्हीतील सॉफ्टवेअरचा. आधी वेळ दुरुस्त करावी आणि टीव्हीचा विचार नंतर करावा, कारण वेळ चुकलेला मजकूर एकदा चित्रात पक्का बसवला की तो काढता येत नाही आणि सगळे काम मुळापासून करावे लागते.

वेळेचा फरक कोणत्या प्रकारचा आहे हे ओळखले की उपाय आपोआप ठरतो. फरक पहिल्या वाक्यापासून शेवटच्या वाक्यापर्यंत सारखाच असेल, तर सगळा मजकूर तेवढे सेकंद पुढे किंवा मागे सरकवला की झाले. व्हीएलसीमध्ये जी आणि एच या बटणांनी असे सरकवता येते, मात्र ती सोय पाहण्यापुरती असते. फाइलमध्ये काही बदलत नाही. एका ठिकाणापर्यंत सगळे जुळते आणि तिथून पुढे अचानक ठरावीक फरक पडतो, असे असेल तर मधला एखादा तुकडा, बहुधा मध्यंतराचा, कापला गेला आहे असे समजावे आणि त्या ओळीपासून पुढचाच मजकूर सरकवावा. आपला प्रकार तिसरा आहे. फरक हळूहळू वाढत जातो, आणि तासाला अडीच मिनिटे हा आकडा मोठा बोलका आहे. आपल्याकडची व्हीएचएस पाल पद्धतीची, म्हणजे सेकंदाला २५ चित्रचौकटींची असते. अमेरिकी पद्धतीत चित्रपटांसाठी २३.९७६ हा दर चालतो. या दोहोंतील तफावत सव्वाचार टक्क्यांहून किंचित जास्त आहे आणि साठ मिनिटांचे सव्वाचार टक्के म्हणजे जवळजवळ अडीच मिनिटेच. सबटायटल्सच्या काही जुन्या प्रकारांत वेळ लिहिलेली नसते, चौकटीचा क्रमांक लिहिलेला असतो. परिचितांनी बहुधा तशी फाइल तयार केली आणि तिचे रूपांतर करताना दर २३.९७६ राहून गेला. संगणकावरच्या अनेक कार्यक्रमांत तोच दर आधीपासून निवडलेला असतो, त्यामुळे यात त्यांना बोल लावण्यासारखे काही नाही.

यासाठी मी ‘सबटायटल एडिट’ हा विंडोजवर चालणारा मोफत कार्यक्रम सुचवेन. त्यात फाइल उघडून ‘सिंक्रोनायझेशन’ या यादीतील ‘चेंज फ्रेम रेट’ निवडावे, मूळ दर २३.९७६ आणि नवा दर २५ द्यावा. त्यानंतर पहिल्या अंकातील एक, मधला एक आणि अगदी शेवटचा एक असे संवाद तपासावेत. कॅसेट उतरवताना अधूनमधून काही चौकटी गळतात, त्यामुळे आकडा बरोबर असूनही शेवटाकडे एखाद्या सेकंदाची चूक उरू शकते. त्यावर ‘पॉइंट सिंक’ हा उपाय आहे : दोन किंवा अधिक ओळींची खरी वेळ आपण सांगायची आणि त्यांच्या मधल्या ओळी कार्यक्रमाने प्रमाणात ताणून किंवा आवळून घ्यायच्या. नाटकासाठी प्रत्येक अंकाची पहिली आणि शेवटची ओळ असे खुंटे धरले की पुरते.

आता खुद्द मजकुराच्या फाइलकडे वळू. एसआरटी ही सबटायटल्सची साधी मजकुराची फाइल असते आणि ती नोटपॅडमध्येही उघडते. तिच्यात एकेका संवादाची नोंद अशी दिसते :

41
00:12:41,300 --> 00:12:44,050
ऐकलंत का?
आज संध्याकाळी दादा येणार आहेत.

पहिल्या ओळीत अनुक्रमांक, दुसरीत सुरुवातीची व शेवटची वेळ, त्याखाली एक किंवा दोन ओळी मजकूर आणि मग एक रिकामी ओळ. सेकंदानंतर टिंब येत नाही, स्वल्पविराम येतो आणि त्यापुढे सेकंदाचे हजारावे भाग. मराठी टंकलेखन चालू असताना वेळेची ओळ दुरुस्त करायला गेले की हमखास घडणारा घोटाळा म्हणजे तिथे देवनागरी अंक पडतात. संवादात देवनागरी अंक खुशाल लिहावेत, पण वेळेच्या आणि अनुक्रमांकाच्या ओळीत ते चालत नाहीत. प्लेअर ती नोंद गाळतो किंवा मागच्या संवादाला चिकटवतो.

फाइल जतन करताना सांकेतीकरण, म्हणजे अक्षरे साठवण्याची पद्धत, यूटीएफ-८ आहे याची खात्री करावी. विंडोज १० च्या २०१९ मधील आवृत्तीपासून नोटपॅड तेच निवडते; त्याआधीचे नोटपॅड मात्र ‘एएनएसआय’ निवडत असे आणि त्यात देवनागरी जतन केली की प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह उरे. अशी फाइल परत मिळवता येत नाही, कारण अक्षरे झाकलेली नसतात, पुसलेली असतात. याउलट संहिता एखाद्या डीटीपी केंद्रात श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये टंकलेली असेल, तर ती एसआरटीमध्ये रोमन अक्षरांची खिचडी म्हणून दिसते, पण तिचे युनिकोडमध्ये रूपांतर होऊ शकते. रूपांतरानंतर रफार आणि ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’ असलेले शब्द डोळ्यांखालून घालावेत. ‘दुसऱ्या’ हा शब्द दोन प्रकारे साठवता येतो : एकात नुक्त्याचा ऱ असतो, दुसऱ्यात साध्या र नंतर एक अदृश्य जोडचिन्ह असते. फाइल एका कार्यक्रमातून दुसऱ्यात जाताना हे अदृश्य चिन्ह कधीकधी गळते आणि पडद्यावर ‘दुसर्या’ उमटते. म्हणून शोधा-आणि-बदलाचा एक फेरा मारून सर्वत्र पहिलाच प्रकार ठेवावा.

टीव्हीवर अक्षरे का मोडतात याचे कारण असे की, फाइलमध्ये ‘कि’ हे अक्षर आधी क आणि मग वेलांटी अशा क्रमाने साठवलेले असते. वेलांटी अलीकडे नेऊन दाखवणे, क आणि ष यांचा ‘क्ष’ करणे, रफार योग्य अक्षराच्या डोक्यावर ठेवणे ही सगळी जुळणी दाखवणाऱ्या यंत्राने करायची असते. संगणकावर ही जुळणी होते. अनेक टीव्हींच्या पेनड्राइव्ह-प्लेअरमध्ये देवनागरीचा फाँट असतो, पण जुळणीची व्यवस्था नसते. तेव्हा वेलांटी अक्षराच्या पलीकडे पडते आणि हलन्त उघडा दिसतो. फाँटही नसेल तर नुसते चौकोन दिसतात. आपल्याकडे अक्षरे दिसतात, म्हणजे सांकेतीकरण ठीक आहे आणि फाइलमध्ये दुरुस्त करण्यासारखे काही नाही. टीव्हीच्या सेटिंगमध्ये भाषा बदलून पाहण्यात संध्याकाळ घालवू नये, एवढेच सुचवतो.

त्यामुळे मजकूर व्हिडिओला जोडण्याची पद्धत पाहणाऱ्याच्या यंत्रावरून ठरवावी. संगणकावर पाहणाऱ्यांसाठी काहीच जोडावे लागत नाही. व्हिडिओ आणि एसआरटी यांना एकच नाव देऊन एका फोल्डरमध्ये ठेवले की व्हीएलसी मजकूर आपणहून उचलते. (विंडोजने फाइलनावाचे शेपूट लपवले असेल तर नोटपॅडमधून जतन केलेली एसआरटी प्रत्यक्षात ‘एसआरटी’च्या पुढे ‘टीएक्सटी’ लावून बसलेली असते आणि म्हणून सापडत नाही, ते शेपूट दिसू द्यावे.) दोन भाषांची सबटायटल्स एकाच फाइलमध्ये हवी असतील तर ‘एमकेव्हीटूलनिक्स’ हा कार्यक्रम वापरावा. त्यात व्हिडिओ आणि दोन्ही एसआरटी टाकाव्यात, एकीची भाषा मराठी आणि दुसरीची इंग्रजी निवडावी, कोणती आधी दिसावी ते ठरवावे आणि एमकेव्ही फाइल, म्हणजे चित्र, आवाज आणि सबटायटल्स एकत्र ठेवणारी फाइल, बनवावी. चित्र नव्याने संकुचित होत नसल्यामुळे हे काम थोड्या वेळात होते, दर्जा तसूभरही घटत नाही आणि पुढे मजकूर सुटा काढता येतो. जतन करून ठेवायची प्रत हीच.

आपल्या टीव्हीसाठी मात्र मजकूर चित्रात कोरलेली वेगळी प्रत करण्यावाचून गत्यंतर नाही. ‘हँडब्रेक’ हा मोफत कार्यक्रम हे काम करतो. एसआरटी थेट दिली तर फाँट आपल्या हाती राहत नाही, म्हणून सबटायटल एडिटमध्ये ती एएसएस या सबटायटल्सच्या दुसऱ्या प्रकारात जतन करून फाँट, आकार आणि कडा तिथेच ठरवाव्यात, आणि मग ती फाइल हँडब्रेकच्या ‘सबटायटल्स’ विभागात आणून ‘बर्न इन’ची खूण करावी. व्हीएचएसच्या चित्रात जेमतेम ५७६ आडव्या रेषा असतात आणि कोरलेली अक्षरेही त्याच रेषांत बसवावी लागतात. बारीक फाँट घेतला तर अनुस्वाराचे टिंब आणि उकाराचे टोक पुसट होते. ‘मुक्त’ किंवा ‘नोटो सान्स देवनागरी’चे थोडे जाड वजन, पांढरा रंग आणि काळी कडा हे मला सर्वांत सुवाच्य वाटते. पिवळा रंग मला आवडत नाही, पण तो आवडीचा भाग झाला. चित्र नव्याने संकुचित होणारच आहे, तर हलत्या आकृत्यांच्या कडांना दिसणारी कंगव्यासारखी दातेरी रेघ काढण्यासाठी डीइंटरलेसचा फिल्टरही त्याच फेऱ्यात लावून घ्यावा. दर्जाचा आकडा या आकाराच्या चित्राला १८ ते २२ च्या दरम्यान ठेवावा. आकडा जितका लहान तितका दर्जा चांगला आणि फाइल मोठी. संपूर्ण नाटकाला हात घालण्यापूर्वी भरपूर संवादांचा पाच मिनिटांचा तुकडा निवडून तेवढाच करावा आणि तो टीव्हीवर लावून नेहमीच्या बैठकीतून वाचता येतो का ते पाहावे. लॅपटॉपवर योग्य वाटलेला आकार दिवाणखान्यात लहान ठरतो.

मजकुराबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण घरगुती सबटायटल्स तंत्रापेक्षा इथेच जास्त फसतात. संहिता समोर असली की ती जशीच्या तशी उतरवण्याचा मोह होतो. पण रंगमंचावर नट पदरची वाक्ये घालतात, काही गाळतात. पाहणाऱ्याला ऐकू येते एक आणि दिसते दुसरे असे झाले की तो गोंधळतो. प्रमाण मानावे ते ध्वनिमुद्रण, संहिता नव्हे. संवाद लांब असेल तर अर्थ राखून आटोपशीर करावा. वर नमुन्यात दिलेला संवाद रंगमंचावर ‘अहो, मी काय म्हणते, जरा ऐकता का माझं, आज संध्याकाळी दादा येणार आहेत म्हणे’ असा लांबण लावून येऊ शकतो. तेवढे वाचेपर्यंत पुढचे पात्र बोलून मोकळे होते. एका वेळी दोनच ओळी, सात सेकंदांहून अधिक काळ नाही आणि सेकंदाच्या आत गडप होईल असेही नाही, एवढे पथ्य पाळावे. घरातील कमी ऐकू येणाऱ्या वडीलधाऱ्यांसाठी मराठी सबटायटल्स असतील तर मात्र काटछाट हात राखून करावी आणि दारावरची थाप, फोनची घंटा असे कथेला आवश्यक आवाज कंसात लिहावेत.

सबटायटल एडिट दर सेकंदाला किती अक्षरे पडतात ते मोजून जास्त झाल्यास लाल रंग दाखवते. मराठीत त्या लाल रंगाने घाबरून जाऊ नये. ‘क्षत्रिय’ हा शब्द आपण तीन अक्षरांत वाचतो, पण हलन्त आणि वेलांट्या वेगळ्या धरल्या तर युनिकोडच्या हिशेबाने तो आठ चिन्हांचा होतो. इंग्रजीसाठी घातलेली मर्यादा मराठीला तशीच लावली तर विनाकारण चांगल्या ओळी कापाल. ओळ मोठ्याने पण घाईने न वाचता तेवढ्या वेळात पुरी होते का, ही कसोटी जास्त भरवशाची.

आवाजावरून आपोआप मजकूर काढून देणारी ‘व्हिस्पर’ ही प्रणाली २०२२ मध्ये खुली झाली आणि सबटायटल एडिटमधून ती घरच्या संगणकावर चालवता येते. इंग्रजीत ती वेळ वाचवते. मराठीत, त्यातही सभागृहाच्या दूरच्या मायक्रोफोनवर मुद्रित झालेल्या नाटकात, तिच्यावर विसंबू नये. शब्द हिंदी वळणाचे होतात आणि विंगेतल्या प्रॉम्प्टरचा आवाज मुद्रणात आला असेल तर एकच वाक्य दोनदा टंकले जाते, एकदा प्रॉम्प्टरचे आणि एकदा नटाचे. आपल्याकडे संहिता आहे, वेळाही आता दुरुस्त होतील, तेव्हा तिची गरज नाही.

इंग्रजीसाठी वेळा पुन्हा लावू नयेत. दुरुस्त झालेल्या मराठी एसआरटीची प्रत करून सबटायटल एडिटच्या भाषांतराच्या रचनेत ती उघडली की डावीकडे मूळ आणि उजवीकडे भाषांतर अशी मांडणी मिळते, आणि वेळा जागच्या जागी राहतात. परदेशी पाठवण्यासाठी व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून टाकू नये. तिथे तो पुन्हा दाबला जातो आणि सुटी सबटायटल्स दिसत नाहीत. दस्तऐवज म्हणून २ जीबीपर्यंतची फाइल जाते. यूट्यूबवर ‘अनलिस्टेड’ (दुवा असलेल्यांनाच पाहता येईल असा) ठेवून मूळ व्हिडिओ चढवला आणि दोन्ही एसआरटी त्याला स्वतंत्रपणे जोडल्या, तर नातवंडांना हवी ती भाषा निवडता येईल आणि एखादा शब्द बदलावासा वाटला तर फक्त एसआरटी बदलून भागेल. नाटक कुटुंबाबाहेरच्या लेखकाचे असेल आणि दुवा नातेवाइकांपलीकडे जाणार असेल, तर चढवण्यापूर्वी लेखकाची किंवा त्यांच्या वारसांची परवानगी घ्यावी.