इंग्रजी मेजर की मायनर?

प्रश्न : मुलगी मराठी माध्यमातून बारावी कला झाली आहे. बी.ए.ला इंग्रजी मेजर (मुख्य विषय) झेपेल का?

उत्तर : झेपेल, पण वाचनाची तयारी हवी. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार तीन वर्षांच्या पदवीला किमान 120 श्रेयांक (क्रेडिट) लागतात. त्यात मोठा वाटा मेजरचा असतो. मायनरला (दुय्यम विषयाला) तासिका कमी, म्हणून वाचनही कमी. पुढे इंग्रजीत एम.ए. करायचं असेल तर मेजरच घ्यावा.

मुलं अडखळतात ती व्याकरणात नव्हे, उत्तर लिहिताना. गाइडमधला सारांश पाठ करून उतरवतात. परीक्षकाला हवं असतं विश्लेषण. कविता तीनदा वाचावी, एकदा तरी मोठ्याने. मग एक ओळ उद्धृत करून त्यातला नेमका शब्द काय साधतो, हे चार वाक्यांत लिहावं. कादंबरी रोज 10 पानं. 250 पानं 25 दिवसांत होतात. प्रत्येक शब्दाला कोश उघडला की कथेचा धागा तुटतो, म्हणून पानामागे तीनच शब्द पाहावेत.

ध्वनिशास्त्रात, म्हणजे उच्चारांच्या अभ्यासात, आपल्याकडे हमखास चूक होते ती ‘वेस्ट’ (west) आणि ‘व्हेस्ट’ (vest) यांची. पहिल्यात ओठांचा चंबू होतो, दुसऱ्यात वरचे दात खालच्या ओठाला टेकतात. आरशासमोर सराव करावा.