फुकट काम करणाऱ्याला बोलायचं तरी कसं?

प्रश्न : ताई नमस्कार, मी नाशिकमधल्या एका संस्थेत व्हॉलंटियर्सचं काम बघते. बाल कल्याण समितीनं जी मुलं फॉस्टर फॅमिलीत, म्हणजे सांभाळायला दुसऱ्या कुटुंबात, ठेवलीत त्यांना आमचे लोक समितीची परवानगी घेऊन महिन्यातून दोनदा भेटतात, आणि मुलाला काय हवंय ते समितीपुढे जावं म्हणून रिपोर्ट लिहितात. एकूण १४ जण आहेत. त्यातल्या एक रिटायर्ड शिक्षिका फार जीव लावतात पण त्यांनी मुलाला न विचारता नवी सायकल घेऊन दिली आणि त्याच्यासमोरच म्हणाल्या की मी तुला माझ्याकडे घेऊन जाते, आता त्या घरातल्या काकू दुखावल्यात. दुसरा इंजिनिअरिंगचा मुलगा, दोन व्हिजिट चुकवल्या, रिपोर्टमध्ये नुसतं "मूल ठीक आहे", वर मुलाचा फोटो ग्रुपवर. सगळे फुकट काम करतात, बाई तर माझ्या आईच्या वयाच्या. कोणत्या तोंडानं बोलू?
— एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : ताई, आधी फोटोचं. बाकीचं पुढच्या आठवड्यात केलंत तरी चालेल पण हे वाचून झालं की लगेच तो फोटो ग्रुपमधून काढायला लावा, सगळ्यांच्या गॅलरीतूनसुद्धा. बाल न्याय कायदा २०१५, कलम ७४, अशा मुलाचं नाव, पत्ता, शाळा, फोटो, ज्याच्यावरून ते ओळखू येईल असं काहीच बाहेर जाता कामा नये, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. ग्रुप आपलाच आहे असं वाटतं हो, पण तो फोटो फिरत फिरत त्याच्या वर्गातल्या कुणाच्या आईच्या फोनवर गेला की उद्या डबा खाताना त्याला कुणीतरी विचारणार, तुझे खरे आईबाबा कुठेत.

आता बाई. त्यांच्याशी फोनवर बोलू नका, मीटिंगमध्ये चारचौघांत तर मुळीच नको, घरी जा, चहा घ्या आणि नियमाचा कागद पर्समध्येच राहू द्या. "बाई, तो तुम्हाला बघून किती खुलतो" इथून सुरू करा कारण ते खरंच आहे. मग हळूच विचारा की तुम्ही "घेऊन जाते" म्हणून निघून आलात, त्यानंतर त्या घरात काय झालं असेल? मूल काकूंचं ऐकेनासं होतं, काकूंना वाटतं एवढं करून आपण परक्याच, आणि त्यांचं स्वतःचं लेकरू जुनी सायकल चालवत असेल तर ते वेगळंच. मुलाला कुठे ठेवायचं ते समिती ठरवते, बाई नाही, तुम्ही नाही, संस्थाही नाही. म्हणजे हा शब्द बाई पाळूच शकत नाहीत, आणि ह्या मुलांनी न पाळलेले शब्द आधीच खूप ऐकलेत. हे त्यांना नीट सांगितलंत तर समजेल, आयुष्यभर मुलांमध्ये राहिलेल्या आहेत त्या. सायकल मात्र परत घेऊ नका. ती घरातल्या सगळ्यांची होऊ दे आणि पुढची वस्तू, अगदी कंपासपेटीसुद्धा, आधी काकूंना विचारून आणि काकूंच्याच हातून.

त्या इंजिनिअरिंगच्या मुलाबद्दल मला जास्त बोलायचंय. मी ह्या कामात नवीन होते तेव्हा सिन्नरकडे एका घरात नऊ वर्षांचा एक मुलगा होता, त्याचा व्हॉलंटियर दादा रविवारी येणार होता. हा सकाळी नऊपासून शाळेचा इस्त्रीचा शर्ट घालून ओट्यावर. संध्याकाळी त्या घरातल्या मावशी आत बोलवायला गेल्या तर म्हणाला एसटी चुकली असेल. पुढच्या रविवारी पण बसला. तिसऱ्या रविवारी नाही बसला, आणि मावशींनी मला हे सांगितलं तेव्हा तो तिसरा रविवारच मला सगळ्यात जास्त लागला. दादाला पुण्यात नोकरी लागली होती आणि सांगायला लाजत होता, मीही एक फोन केला नव्हता, म्हटलं फुकट येतोय बिचारा, कशाला मागे लागायचं. तो फुकट येत होता हे माझ्या डोक्यात होतं, त्या पोराला त्याच्याशी काय घेणं.

म्हणून बोला. परीक्षा कधीपर्यंत आहे ते विचारा, जमणार नसेल तर जमणार नाही म्हणणं हा गुन्हा नाही हेही सांगा, पण मग निरोपाची एक भेट झालीच पाहिजे, तुम्ही स्वतः सोबत जा, आणि पुढे कोण येणार ते मुलाला त्याच भेटीत कळू दे.

रिपोर्टचं म्हणाल तर "मूल ठीक आहे" हे कुणालाही लिहिता येतं हो. माझ्याकडची एक व्हॉलंटियर, फार शिकलेली नव्हती, तिनं एकदा लिहिलं होतं, "जेवताना दुसरी पोळी घ्यायच्या आधी ती काकूंच्या तोंडाकडे बघते. चप्पल लहान झालीय, टाच बाहेर येते." दोन ओळी, पण बैठकीत सगळे त्यावरच बोलले. तुमच्या त्या इंजिनिअरिंगवाल्याला हे असं विचारा, मुलानं काय खाल्लं, कुठे झोपतो, तुझ्याशी बोलताना कुणी शेजारी बसलं होतं का, तो काय म्हणाला ते त्याच्याच शब्दांत सांग. चार महिने असं विचारलंत की तो आपोआप बघायला लागेल.

अमेरिकेत हे काम १९७७ साली सिएटलला डेव्हिड सूकप नावाच्या न्यायाधीशांनी सुरू केलं, मुलांबद्दल पुरेशी माहिती नसताना निकाल द्यावे लागतात ह्याचा त्यांना त्रास व्हायचा. तिथे कोर्टच व्हॉलंटियर नेमतं आणि एका सुपरवायझरकडे जास्तीत जास्त ३० जण असा दंडक आहे. आपल्याकडे कायद्यात असं पद नाही, पॉक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याच्या, केसमध्ये समिती मुलाच्या सोबतीला सपोर्ट पर्सन देते ते त्यातल्या त्यात जवळचं. म्हणजे तुमचे १४ जण फक्त समितीच्या विश्वासावर उभे आहेत, तेव्हा प्रत्येकाला महिन्यातून एक तास द्याच, ग्रुपवरच्या गुड मॉर्निंगला तास धरायचं नाही.

प्रश्न : मी पण असंच काम बघतो. मूल व्हॉलंटियरला म्हणालं की एक गोष्ट सांगतो पण कुणाला सांगू नका, तर काय करायचं?
— एक वाचक, सिन्नर

उत्तर : "नाही सांगणार" असा शब्द द्यायचाच नाही, हे पहिल्या ट्रेनिंगलाच घोकून घ्या. "तुला सुरक्षित ठेवायला ज्यांना सांगावं लागेल त्यांनाच सांगीन" एवढंच म्हणायचं. लैंगिक अत्याचाराचा नुसता संशय आला तरी पॉक्सोच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवावंच लागतं, आणि १०९८ ही मुलांची हेल्पलाइन आहेच. खोदून खोदून विचारायचं नाही, मूल जे बोललं ते त्याच्याच शब्दांत त्याच दिवशी लिहून तुम्हाला द्यायचं आणि समितीला तुम्ही कळवायचं, सोमवारची वाट बघत बसायचं नाही. आणि त्या रात्री व्हॉलंटियरला फोन करा. असं काही ऐकून आलेल्या माणसाला घास उतरत नाही, त्याला एकटं सोडू नका.