लोखंडी, पोलादी की चिलखती?

प्रश्न असा: इंग्लंडमध्ये पोर्ट्समथला जतन केलेल्या 'एचएमएस वॉरियर' या ब्रिटिश नौदलाच्या जुन्या जहाजाला मराठी लेखांत कुठे 'लोखंडी', कुठे 'पोलादी', तर कुठे 'चिलखती' युद्धनौका म्हटलेलं आढळतं. 'आयर्नक्लॅड', म्हणजे लोखंडी पत्र्यांचं कवच चढवलेली युद्धनौका, यासाठी यातला नेमका शब्द कोणता?

चिलखती. चिलखत अंगावरून चढवतात आणि आतलं अंग कशाचं आहे याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. 'आयर्नक्लॅड'मध्येही हेच अभिप्रेत आहे. शिवाय चिलखती गाडी, चिलखती दल हे शब्द रुळलेले आहेतच.

'लोखंडी' म्हटलं की घोटाळा होतो. फ्रान्सची 'ग्लोआर' १८५९ साली पाण्यात उतरली, ती चिलखती होती, पण अंगाने लाकडी. ईस्ट इंडिया कंपनीची 'नेमेसिस' (१८३९) लोखंडी होती, पण बिनचिलखताची. टेम्सकाठी ब्लॅकवॉलला बांधलेली आणि डिसेंबर १८६० मध्ये पाण्यात उतरलेली वॉरियर मात्र दोन्ही होती. म्हणून तिच्यापुरता 'लोखंडी' हा शब्द खोटा नाही, अपुरा आहे.

तिची बाजू बाहेरून आत अशी पाहिली तर आधी साडेचार इंच जाडीचे लोखंडी पत्रे, त्यामागे अठरा इंच सागवान आणि मग जहाजाचं स्वतःचं लोखंडी अंग. सागवान शोभेला नव्हतं. गोळ्याचा हादरा ते पिऊन टाकायचं, नाहीतर पत्रा शाबूत राहूनही मागचे बोल्ट तुटले असते. पत्र्यांच्या कडा खाच-जिभेच्या सांध्याने एकमेकांत अडकवलेल्या होत्या. त्यामुळे शेजारचे पत्रे एकमेकांना आधार देत, पण एखादा निकामी झाला तर तेवढाच काढून बदलणं जिकिरीचं. पुढच्या जहाजांत हा सांधा सोडून दिला.

हे चिलखत नखशिखांतही नव्हतं. एकूण लांबी ४२० फूट, पण कवच मधल्या २१३ फुटांनाच. पुढेमागे आडव्या चिलखती भिंती घालून मधला भाग बंद केला होता. इंग्रजीत त्याला 'सिटाडेल' म्हणतात, आपला 'बालेकिल्ला' तिथे चपखल बसतो. नाळ (जहाजाचं पुढचं टोक) आणि पिछाडी उघडीच राहिली आणि सुकाणूची यंत्रणाही त्या उघड्या भागातच. रचनेतलं खरं दुबळं ठिकाण हेच.

'पोलादी' मात्र सरळ चूक. ते पत्रे घडीव लोखंडाचे होते. तेव्हाचं जाड पोलाद ठिसूळ, गोळा बसला की तडकायचं. घडीव लोखंड चेपतं, वाकतं, पण फुटत नाही.

दणकट लोखंडी अंगामुळेच वॉरियर टिकली. १९२९ पासून वेल्समधल्या पेम्ब्रोक डॉकला तेल भरण्याचा धक्का म्हणून ती पन्नास वर्षं उभी होती. १९७९ मध्ये हार्टलपूलला दुरुस्तीसाठी गेली आणि १९८७ मध्ये पोर्ट्समथला आली. (आज दिसणाऱ्या बऱ्याच तोफा फायबरग्लासच्या प्रतिकृती आहेत. फोटोखाली 'मूळ तोफा' लिहिण्याआधी तेवढं तपासावं.)

मुंबईचा इतिहास लिहिणाऱ्यांनाही हा शब्द लागतो. बंदराच्या रक्षणासाठी इथे असलेली 'मॅग्डाला' ही युद्धनौका वॉरियरच्याच कारखान्यात, टेम्स आयर्नवर्क्समध्ये, बांधलेली. तिला शिडं नव्हती, तोफा दोन फिरत्या बुरुजांत, आणि पाण्यावर दिसणारी बाजू अगदी ठेंगणी. अशा ठेंगण्या, बुरुजवाल्या युद्धनौकेला इंग्रजीत 'मॉनिटर' म्हणतात, मराठीत तिला 'चिलखती मॉनिटर' म्हणावं. नुसतं 'मॉनिटर' लिहिलं तर वाचकाला वर्गातला मॉनिटर आठवेल.